डब्यातल्या फोमने पत्र्याची गाडी थंड राहते का?

१. अंगणातला सांगाडा

मे महिन्यातली दुपार होती. भिलाईच्या सुपेला भागात, घडी चौकाच्या मागच्या एका अंगणात माझा भाचा दोन चाकी ट्रेलर बांधत होता. एक इंची स्क्वेअर पाइपच्या फासळ्या, वरून गॅल्व्हनाइज्ड पत्रा आणि आत दोन माणसे आडवी होतील एवढी जागा. थंडीच्या दिवसांत जीपमागे जोडायचा आणि मैनपाट, कान्हा करत हिंडायचे, अशी त्याची कल्पना. पत्र्यावर तळहात टेकवला तर क्षणभरही ठेववत नव्हता. दारातून आत डोके घातले की तापलेल्या तव्याखाली बसल्यासारखे वाटे.

त्याने हार्डवेअरच्या दुकानातून फवाऱ्याच्या फोमचे दोन डबे आणले होते. एक हातात घेऊन तो म्हणाला, "मामा, आतून सगळीकडे हाच मारला तर? झंझटच नाही. सटासट मारायचा, फुगला की झालं."

पुढे हाच प्रश्न मला अनेकांनी विचारला. गच्चीवर पत्र्याची खोली असलेल्यांनी विचारला, टेम्पोत फिरते दुकान थाटणाऱ्यांनी विचारला. सुपेल्यासमोरून जाणारा ५३ क्रमांकाचा महामार्ग पुढे नागपूर, अमरावती, अकोला, जळगाव, धुळे करत सुरतेला पोहोचतो, आणि या सबंध पट्ट्यात पत्र्याखाली राहणाऱ्याचे हाल सारखेच. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून घरच्या घरी अशी गाडी बांधण्याचे वेडही वाढले आहे.

उत्तर आधीच देऊन टाकतो. डबा हवाच, पण सगळीकडे नाही. तो भेगांसाठी आहे, भिंतींसाठी नाही. असे का, ते समजायला उष्णता आत कशी शिरते इथून सुरुवात करावी लागेल.

२. भुशातला बर्फ

उन्हाळ्यात गोळेवाला बर्फाची लादी कशात ठेवतो? लाकडाच्या भुशात, वरून गोणपाट. भुसा काही थंड नसतो. तो फक्त बाहेरच्या उष्णतेची वाट अडवतो. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून 'टस्कनी' नावाचे जहाज १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि विषुववृत्त ओलांडून, चार महिन्यांनी कोलकात्याला पोहोचले. तोपर्यंत सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. बर्फाभोवती होता चामडे कमावून उरलेल्या झाडाच्या सालीचा वाळवलेला चुरा आणि वाळलेले गवत. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याचा हा धंदा पुढे मुंबईतही चालला.

भुशात असे काय आहे? त्यात हवा अडकलेली आहे, आणि ती हलत नाही. मोकळी हवा उष्णता उचलून इकडून तिकडे नेते. पण बारीक कप्प्यांत कोंडलेली हवा उष्णता पुढे द्यायला फार आळशी असते. गोधडी, स्वेटर, धानाचा कोंडा, थर्माकोल, फोम ही सगळी एकाच कुळातली माणसे. हवा पकडून ठेवायची, एवढेच त्यांचे काम.

आकड्यांत पाहू. कोंडलेल्या हवेतून जितकी उष्णता जाते तिला १ मानले, तर डब्यातल्या फोममधून किंवा थर्माकोलमधून साधारण दीडपट जाते, सागाच्या फळीतून पाच-सहापट आणि पोलादातून दोन हजारपट. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. पुढे त्याच्याशीच गाठ आहे.

एक गैरसमज मात्र इथेच दूर व्हायला हवा. फोम गारवा निर्माण करत नाही. तो उष्णतेचा वेग कमी करतो, आणि तोही दोन्ही दिशांनी. आत झोपलेले माणूस स्वतःच ८० ते १०० वॅट उष्णता सोडत असते. दोन माणसे म्हणजे आत जुन्या पद्धतीचे ६० वॅटचे तीन दिवे पेटलेले. ती उष्णता बाहेर जायला वाट ठेवली नाही, तर फोमची गाडी रात्री पत्र्याच्या गाडीपेक्षाही जास्त उबेल.

३. छपराचा हिशोब

भाच्याच्या ट्रेलरचे छप्पर २.४ मीटर लांब आणि १.५ मीटर रुंद, म्हणजे ३.६ चौरस मीटर. डोक्यावरचे मे महिन्याचे ऊन चौरस मीटरमागे जवळजवळ १००० वॅट ओतते. पत्रा तापून ६५ अंशांवर गेला आहे आणि आतली हवा आपल्याला ३५ अंशांवर ठेवायची आहे, असे धरू.

पत्रा उघडा असेल तर छपरातून आत येणारी उष्णता सुमारे ६३० वॅट भरते. म्हणजे डोक्यावर एक छोटी इस्त्री सतत चालू. त्याच पत्र्याखाली २५ मिलिमीटर जाडीचा फोम लावला की हा आकडा १२५ वॅटच्या आसपास येतो. पाचपट फरक, फक्त एका इंचात!

मग दोन इंच लावला तर दहापट का? नाही. दुसरा इंच लावल्यावर आकडा ७० वॅटच्या जवळ येतो. पहिल्या इंचाने ५०० वॅट वाचवले, दुसऱ्याने जेमतेम ५५. लहानशा गाडीत दोन इंच म्हणजे प्रत्येक बाजूने जागा गेली. म्हणून छपराला इंच-दीड इंच आणि भिंतींना इंच पुरे, असे माझे मत झाले आहे.

आणि फोमच्याही आधी छपराला बाहेरून पांढरा रंग. आपल्याकडे गच्चीला चुना मारतात तो याचसाठी. जी उष्णता पत्र्याने घेतलीच नाही, ती अडवावी लागत नाही. गाडी झाडाखाली लावणे हा त्याहून स्वस्त उपाय.

४. डब्यात काय असते?

१९३७ साली जर्मनीतल्या लेव्हरकुझेन इथे ऑटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दोन द्रव एकमेकांशी जोडून पॉलियुरेथेन नावाचे प्लास्टिक तयार केले. (बायर कंपनीच्या संस्थापकांशी त्याचे नाते नव्हते, आडनाव तेवढे सारखे.) या द्रवांपैकी एकाला, म्हणजे आयसोसायनेटला, पाणी लागले की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि प्लास्टिकमध्ये बुडबुडे धरतात. सुरुवातीला हे बुडबुडे दोष वाटत होते. नंतर कळले की खरी किंमत बुडबुड्यांनाच आहे. तुमच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या भिंतीत भरलेला पिवळसर फेस याच जातीचा आहे.

पण फ्रिजचा फोम आणि डब्यातला फोम यांत एक मोठा फरक आहे. कारखान्यात दोन द्रव यंत्राने मिसळून लगेच साच्यात सोडतात. ते एकमेकांशीच भिडतात आणि घट्ट होतात. डब्यात मात्र हे मिश्रण अर्धे शिजवून, दाबाखालच्या वायूसोबत भरलेले असते. उरलेले शिजणे बाहेर आल्यावर होते, आणि त्यासाठी लागते हवेतली ओल. ढोकळ्याच्या पिठात सोडा घालून ठेवला आहे, पण लिंबू बाहेरून पिळायचे आहे, असे समजा.

डब्यावरच्या सगळ्या सूचना या एका गोष्टीतून निघतात. सुपेल्यात मे महिन्यातली हवा कोरडी ठणठणीत असते, लू वाहत असते. तेव्हा फोम मारण्याआधी पत्र्यावर आणि नंतर फोमवर झारीच्या बारीक तुषारांनी पाणी शिंपडावे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये त्याची गरज पडत नाही. डबा वीस-तीस वेळा हलवून उलटा धरायचा, नाहीतर नुसता वायू निघून जातो आणि डबा अर्धा भरलेला असतानाच मरतो. भेग निम्मीच भरायची, कारण उरलेली जागा फोम स्वतः फुगून घेतो. आणि एका वेळी तीन सेंटिमीटरपेक्षा जाड थर द्यायचा नाही. वरची साय धरली की ओल आत पोहोचत नाही.

५. फुगलेला प्लायवूड

ही शेवटची सूचना आम्ही पाळली नाही. भाच्याने घाईघाईत एका भिंतीला आतून चार मिलिमीटरचा प्लायवूड ठोकून टाकला होता. पत्रा आणि प्लायवूड यांच्यामध्ये दीड इंचाची पोकळी राहिली. मीच सुचवले की प्लायवूडला भोके पाडू, नळी घालू आणि पोकळी फोमने भरू. संध्याकाळपर्यंत सगळ्या भोकांतून फेस डोकावू लागला. काम फत्ते झाले असे वाटले.

आठवड्याने प्लायवूडला पोट आले. मधोमध तीन बोटे पुढे. एक कोपरा उचकटून पाहिला तर भोकांभोवती नारळाएवढे कडक गोळे, त्यांच्या पोटात काकवीसारखा चिकट, पिवळा लगदा आणि गोळ्यांच्या मध्ये रिकाम्या जागा. बंद पोकळीत ओल नव्हती, म्हणून फोम शिजलाच नव्हता. मग दिवसेंदिवस सांध्यांतून थोडी थोडी दमट हवा आत गेली, तसा तो हळूहळू फुगत राहिला आणि पातळ प्लायवूड त्याच्यापुढे टिकला नाही. फोमला बाहेर जायला वाट मिळाली नाही तर तो भिंत ढकलतो. दाराची चौकट बसवतानाही हे होते. आडव्या काठ्यांचा आधार न देता फोम मारला की चौकट वाकते आणि दार अडकते.

कडक झालेला फोम कशातच विरघळत नाही. ओला असेपर्यंत एसीटोनने निघतो, नंतर करवतीचे पाते आणि पॉलिश पेपर. आम्हाला तो प्लायवूड फेकावाच लागला.

६. मग किती डबे?

समजा, सगळीकडे डबाच मारायचा ठरवला. छप्पर आणि चार भिंती मिळून, दार-खिडक्या वजा करून, साधारण १४ चौरस मीटर. इंचभर जाडीने लागणारा फोम ३५० लिटर. ७५० मिलिलिटरच्या डब्यातून छापील आकडा काहीही असो, माझ्या अनुभवात २५ ते ३० लिटर फोम हाती लागतो. म्हणजे १२ ते १४ डबे. शिवाय तो सपाट बसत नाही. डोंगर-दऱ्या होतात, उंचवटे कापून फेकावे लागतात आणि पातळ जागा पातळच राहतात. छपराला मारलेला फोम ओला असताना डोक्यावर पडतो ते वेगळेच.

आता दुसरी रीत. फासळ्यांमधल्या चौकोनांत जाड, दाट थर्माकोलच्या शीट कापून बसवायच्या, चारही बाजूंनी बोटभर फट ठेवून, आणि फक्त ती फट डब्याने भरायची. सगळ्या फटी मिळून ६० मीटर धरल्या, तरी लागणारा फोम २५ लिटरच्या आत. एक डबा, सांडलवंड धरून दोन. भाच्याने आणलेले दोन डबे म्हणजे बरोबर तेवढेच होते.

शीट उष्णता अडवायला डब्यातल्या फोमइतकीच चांगली आहे, आणि जाडी सगळीकडे सारखी. फोम शीटला आणि पत्र्याला दोन्हीकडे घट्ट चिकटतो, त्यामुळे गाडी धक्के खात गेली तरी शीट खडखडत नाही. दोन गोष्टी सांभाळा. एसीटोन थर्माकोलवर पडला तर थर्माकोल साखरेसारखा विरघळतो. काही रबर सोल्यूशनही तेच करतात. आणि विजेच्या वायरी थर्माकोलला थेट टेकू देऊ नका. काही काळाने वायरीचे आवरण कडक होऊन तडकते. वायरी पाइपमधूनच न्या.

७. पोलादी फासळ्या

शीट बसल्या, फटी भरल्या. तरी एक चोर उरतोच.

छपराखाली चार आडव्या फासळ्या आहेत, प्रत्येक दीड मीटर लांब आणि इंचभर रुंद. चौघींचे मिळून क्षेत्रफळ ०.१५ चौरस मीटर, म्हणजे छपराच्या शंभरातले चार भाग. पण पोलाद कोंडलेल्या हवेच्या दोन हजारपट सढळ हाताने उष्णता देते. फासळ्या उघड्या ठेवल्या तर या चार भागांतून किमान २५ वॅट आत येतात, उरलेल्या शहाण्णव भागांतून १२०. चार टक्के जागा, आणि उष्णतेचा सहाव्या हिश्श्याहून जास्त वाटा! प्रत्यक्षात जास्तच, कारण आजूबाजूचा पत्राही आपली उष्णता फासळीकडेच पाठवतो.

माझे भावोजी, म्हणजे भाच्याचे वडील, भिलाई पोलाद कारखान्यातून निवृत्त झाले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते जिची सुरुवात झाली, त्या पहिल्या झोतभट्टीपासून या गावाचे सारे आयुष्य उष्णता कोंडून ठेवण्यावरच उभे आहे. १५०० अंशांच्या जवळपासचे वितळलेले लोखंड पोलादी कवचात ठेवायचे, आणि कवच वितळू द्यायचे नाही. ते काम आतल्या उष्णतारोधक विटा करतात. आमचा हिशोब ऐकून भावोजी खाटेवरूनच म्हणाले, "वीट कितीही भारी लावा. सांधा गेला की काम गेलं."

फासळीवर उपाय साधा आहे. तिच्या आतल्या तोंडावर अर्धा इंच जाड शीटची पट्टी चिकटवायची आणि मगच प्लायवूड बसवायचा. प्लायवूडचे स्क्रू तेवढे पोलादाला भिडतील. त्यांचा वाटा किरकोळ.

८. आग आणि श्वास

इथे जरा थांबून वाचा, कारण या भागातली चूक प्लायवूड फेकून निस्तरत नाही.

डब्यातला दाबाखालचा वायू बहुतेक वेळा ज्वालाग्राही असतो. गाडीसारख्या बंद जागेत तो खाली साचतो. म्हणून सगळे वेल्डिंग आणि ग्राइंडिंग फोमच्या आधी संपवायचे. फोम मारताना बिडी-सिगारेट नाही, ठिणगी नाही, दार-खिडक्या सताड उघड्या. 'दरवाजाची एक कडी राहिली, आता पटकन वेल्ड मारून देतो' हे वाक्य फोम लागल्यावर कुणालाही बोलू देऊ नका. कडक झालेला फोम आणि थर्माकोल दोन्ही जळतात, आणि जळत्या फोमच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडसोबत हायड्रोजन सायनाइडही असतो. म्हणून फोम आत कधीही उघडा ठेवायचा नाही. त्यावर प्लायवूड किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा हवाच.

ओल्या फोममधले आयसोसायनेट श्वासात गेले तर दम्याचा त्रास उद्भवू शकतो, आणि एकदा शरीर त्याला बिथरले की पुढे अगदी थोड्या वाफेनेही बिथरते. हातमोजे, गॉगल आणि वाफ अडवणारा मास्क घाला. कापडी रुमाल बांधून काही होत नाही. घरात कुणाला दमा असेल तर त्या माणसाला या कामापासून लांब ठेवा. डबे ५० अंशांच्या वर तापू द्यायचे नसतात. मे महिन्यात बंद पत्र्याच्या गाडीत किंवा कारमध्ये ठेवलेला डबा ती मर्यादा सहज ओलांडतो आणि फुटू शकतो.

सर्वांत मोठा धोका मात्र काम चांगले झाल्यावरचा. फटी बुजल्या की आपोआप येणारी हवाही बंद होते. अशा गाडीत थंडीच्या रात्री शेगडी पेटवून झोपणे म्हणजे जीव गमावणे. आत शेगडी नाही, गॅस नाही. तळाशी एक आणि छपराजवळ एक असे तळहाताएवढे दोन झरोके कायम उघडे, जाळी लावून. फोमचा हात तिथे पोहोचता कामा नये.

९. पत्र्याचा घाम

मैनपाटच्या थंडीत अशा गाडीत दोघे झोपले की रात्रभरात श्वासातून आणि अंगातून अर्धा लिटरच्या आसपास पाण्याची वाफ बाहेर पडते. ती जिथे सर्वांत थंड जागा सापडेल तिथे पाणी होऊन बसते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तसेच.

पत्रा आणि शीट यांच्यामध्ये पातळशी पोकळी राहिली, तर दमट हवा तिथे शिरते, पाणी साचते आणि पत्रा आतून, न दिसता गंजू लागतो. डब्याच्या फोमचे खरे मोल इथे आहे. तो पत्र्याला चिकटून बसतो, हवेला मागे जाऊच देत नाही. पण त्याआधी पत्रा कोरडा, तेल पुसलेला आणि गंजरोधक रंग दिलेला हवा. शिंपडलेले पाणी म्हणजे दवाएवढी ओल. ओघळ दिसला तर पुसून घ्या. बाहेर डोकावणारा फोम कापून त्यावर रंग किंवा सीलंट मारा, कारण उन्हात तो पिवळा, मग तपकिरी होतो आणि बोटाने चुरा व्हावा इतका ठिसूळ बनतो.

नियमाचे एक वाक्य. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. म्हणून सांगाडा वेल्ड करायला घेण्याआधी आरटीओत नोंदणीची चौकशी करा, फोम मारल्यावर नाही.

डिसेंबरमध्ये ट्रेलर पुरा झाला. पहिली रात्र भाचा आणि मी अंगणातच त्यात झोपलो. पहाटे टॉर्च लावून छपराकडे पाहिले. प्लायवूड कोरडा होता, हाताला कोमट लागत होता. फक्त दाराच्या वर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, इंचभर रुंदीची पाण्याच्या थेंबांची सरळ ओळ होती, पट्टीने आखल्यासारखी. त्याने बोट फिरवले आणि थोडा वेळ गप्प राहिला.

"मामा, इथली पट्टी राहिली वाटतं."

उजाडल्यावर त्याने तेवढाच प्लायवूड उतरवला. मागे फासळी उघडी होती.